परवानगी कोणी कोणाची घ्यायची?

शितावरून भाताची परीक्षा करावी, असे आपल्याकडे म्हणतात. राज्यकारभाराची परीक्षाही अशीच एखाद्या लहानशा, क्षुल्लक वाटणाऱ्या व्यवहारावरून करता येते. अंदाजपत्रक, निवडणुका, राष्ट्रीय सण अशा मोठ्या प्रसंगी सगळीच सरकारे सोवळे नेसून उभी राहतात. परंतु एखाद्या शाळकरी मुलाकडून साधा फॉर्म भरून घेताना सरकार कसे वागते, यावरून त्याच्या अंतरंगाची खरी ओळख पटते. अमेरिकेच्या संघीय सरकारचे ‘फेडरल रजिस्टर’ नावाचे राजपत्र आहे. त्यात अधूनमधून एक छोटीशी सूचना छापून येते. अमुक एका खात्याला विद्यार्थ्यांसाठी व्हिडिओ स्पर्धा घ्यावयाची आहे. त्यासाठी मुलांची नावे, इयत्ता, शाळा, पालकांची संमती इत्यादी माहिती गोळा करावी लागेल. ती गोळा करण्यास मान्यता मिळावी अशी खात्याची विनंती आहे. कोणाला काही म्हणावयाचे असल्यास साठ दिवसांच्या आत लेखी कळवावे. सूचना एवढीच. पण तिच्यात एक फार मोठे तत्त्व दडलेले आहे, आणि त्या तत्त्वाकडे गोमंतकातील पालकांचे, शिक्षकांचे व राज्यकर्त्यांचे लक्ष वेधणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांना हे वाचून हसू येईल. मुलांच्या स्पर्धेसाठी एवढा घाट? आपल्याकडे अशी स्पर्धा जाहीर झाली की काय होते, ते कोणाही पालकास ठाऊक आहे. सोमवारी परिपत्रक येते आणि बुधवारपर्यंत माहिती न पाठविल्यास शाळेस जबाबदार धरले जाईल, असा त्यात निर्वाणीचा इशारा असतो. मुख्याध्यापक ते वर्गशिक्षिकेकडे सोपवितात, वर्गशिक्षिका पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकतात, आणि रात्रीची जेवणे होण्यापूर्वी मुलाचे नाव, जन्मतारीख, पत्ता, आईवडिलांचे फोन क्रमांक, प्रसंगी आधार क्रमांकसुद्धा कोठल्याशा तक्त्यात जाऊन बसतो. तो तक्ता कोणाच्या ताब्यात आहे, किती काळ राहणार आहे, स्पर्धा संपल्यावर त्याचे काय होणार आहे, हे विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही. आणि आले, तरी विचारावे कोणाला? वर्गशिक्षिकेला ते ठाऊक नसते, मुख्याध्यापकांनाही नसते. ज्याने परिपत्रकावर सही केली त्याला तरी असते की नाही, याची शंकाच आहे.

अमेरिकेत ही सूचना छापावी लागते ती कोणा अधिकाऱ्याच्या सौजन्यापोटी नव्हे. तो तेथील कायदा आहे. सरकारी प्रश्नावल्यांच्या भडिमाराने व्यापारी व उद्योजक त्रस्त झाले, तेव्हा १९४२ साली तेथे त्यासंबंधीचा पहिला कायदा झाला. पुढे ११ डिसेंबर १९८० रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी ‘पेपरवर्क रिडक्शन अॅक्ट’वर, म्हणजे कागदी कामाचा भार हलका करण्याच्या कायद्यावर, स्वाक्षरी केली, १९९५ साली तो नव्याने लिहिला गेला. या कायद्याचा गाभा सोपा आहे. कोणत्याही संघीय खात्याला दहा किंवा अधिक व्यक्तींना एकाच साच्याचे प्रश्न विचारावयाचे असतील, तर त्याने आधी ते प्रश्न जनतेपुढे मांडले पाहिजेत. साठ दिवस लोकांचे म्हणणे ऐकावयाचे, त्यानंतर राष्ट्राध्यक्षांच्या अखत्यारीतील व्यवस्थापन व अंदाजपत्रक कार्यालयाकडे प्रस्ताव धाडावयाचा आणि पुन्हा तीस दिवसांची मुदत द्यावयाची. कार्यालयाची खात्री पटली, तर ते त्या फॉर्मला एक क्रमांक देते. मान्यता जास्तीत जास्त तीन वर्षांची. पुढे हवी असेल तर सगळी प्रदक्षिणा पुन्हा पहिल्यापासून.

लोकांना विचारले जाणारे प्रश्नही मोठे मार्मिक असतात. ही माहिती खात्याच्या कामासाठी खरोखर आवश्यक आहे काय आणि तिचा प्रत्यक्ष उपयोग होणार आहे काय? ती देण्यास लोकांचा किती वेळ जाईल याचा खात्याने बांधलेला अंदाज बरोबर आहे काय? माहिती अधिक स्पष्ट व उपयुक्त कशी करता येईल? आणि लोकांवरील भार कमी कसा करता येईल? यांतला वेळाचा प्रश्न आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. समजा, स्पर्धेत २,००० विद्यार्थी भाग घेणार आहेत आणि प्रत्येकाला फॉर्म भरण्यास अर्धा तास लागतो. म्हणजे सरकार जनतेचे १,००० तास खर्च करणार. हा आकडा खात्याला आपल्या हाताने लिहून जाहीर करावा लागतो. नागरिकाचा वेळ हीसुद्धा सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचा हिशेब सरकारने दिला पाहिजे, ही त्यामागची भावना. आपल्याकडे दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्यांचे तास कोणी कधी मोजले आहेत काय?

त्या कायद्यातील आणखी एका कलमाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. ज्या फॉर्मवर वैध क्रमांक छापलेला नाही, तो भरून दिला नाही म्हणून कोणाही व्यक्तीस दंड वा शिक्षा करता येत नाही. म्हणजे नियम पाळण्याची पहिली जबाबदारी सरकारची. ती त्याने पार पाडली नाही, तर नागरिकावरील बंधन गळून पडते. एखाद्या साध्या शिक्षिकेच्या वा पालकाच्या हाती याहून सुटसुटीत शस्त्र कोणते असू शकेल? तिला वकील लागत नाही की न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. फॉर्मच्या कोपऱ्यात क्रमांक आहे की नाही, एवढे पाहिले की झाले.

येथे कोणी विचारील, की मुलांनी हौसेने काढलेल्या दोन मिनिटांच्या व्हिडिओलाही हा सगळा सोपस्कार हवा काय? त्याचेही उत्तर तेथे विवेकाने दिले गेले आहे. एप्रिल २०१० मध्ये त्याच कार्यालयाने एक मार्गदर्शक पत्र काढले. अमुक विषयावर निबंध लिहा, चित्रफीत पाठवा, असे सर्वसाधारण आवाहन करण्यास व स्पर्धकाशी संपर्क साधण्यापुरते नाव-पत्ता घेण्यास ही परवानगी लागत नाही. परंतु त्यापलीकडे जाऊन वय, वंश, घरची स्थिती वगैरे ठरावीक माहिती विचारावयाची असेल, तर कायद्याची पायरी चढलीच पाहिजे. मुलाची कला मोकळी आणि सरकारची जिज्ञासा बांधलेली, अशी ही व्यवस्था आहे. कलेच्या मार्गात तिने काटे पेरलेले नाहीत. पुढे राष्ट्राध्यक्ष ओबामांच्या कारकिर्दीत, २०१४ साली, खुद्द व्हाइट हाऊसने शाळकरी मुलांचा चित्रपट महोत्सव भरविला. वर्गातील तंत्रज्ञान हा त्याचा विषय होता. मुलांनी चित्रफिती पाठविल्या आणि निवडक मुलांच्या चित्रफिती राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी दाखविण्यात आल्या.

मुलांच्या खासगीपणाचे रक्षण हा तसा या कायद्याचा मुख्य हेतू नव्हे, हेही स्पष्ट केले पाहिजे. त्यासाठी तेथे निराळे कायदे आहेत. १९७४ च्या खासगीपणाच्या कायद्यानुसार, माहिती कोणत्या अधिकाराने मागतो, कशासाठी मागतो, ती देणे ऐच्छिक आहे की सक्तीचे आणि न दिल्यास काय होईल, हे खात्याला मागतानाच सांगावे लागते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका कायद्याने शाळांच्या दप्तरातील विद्यार्थ्यांच्या नोंदी पालकांच्या लेखी संमतीवाचून बाहेर देण्यास, काही अपवाद सोडून, मनाई केली. १९९८ मध्ये आंतरजालावर तेरा वर्षांखालील मुलांकडून माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेण्याचे बंधन व्यापारी संकेतस्थळांवर आले, आणि २००० साली संघीय सरकारने तोच दंडक आपल्याही संकेतस्थळांना लावून घेतला. दुसऱ्यासाठी केलेला नियम स्वतःस लावून घेणारे सरकार विरळा. या बंधनाला दातही आहेत. मुलांची माहिती पालकांच्या संमतीवाचून गोळा केल्याच्या आरोपावरून यूट्यूब व तिची मालक कंपनी गूगल यांना २०१९ साली १७ कोटी डॉलर भरावे लागले.

याचा अर्थ अमेरिकेत रामराज्य अवतरले आहे, असे मात्र कोणी समजू नये. हा कायदा संघीय खात्यांपुरता आहे; तेथील राज्य सरकारे आणि गावोगावची शाळामंडळे त्याच्या कक्षेबाहेर आहेत. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण मराठी असली, तरी या मान्यतेची वाट पाहणाऱ्या तेथील अधिकाऱ्यांनाही ती पटावी. साठ आणि तीस दिवसांच्या मुदती, त्यांच्या मागेपुढे खात्यातली टिपणे. कागद कमी करण्याच्या कायद्याने स्वतःच कागदांचा डोंगर उभा केला, अशी टीका तेथे वर्षानुवर्षे होत आली आहे. शिवाय परवानगी घेतलेली माहिती सुरक्षित राहतेच असेही नाही. २०१५ साली त्याच सरकारच्या कर्मचारीविषयक कार्यालयाच्या संगणकांतून २ कोटी १५ लाख लोकांची गोपनीय माहिती चोरीस गेल्याचे उघड झाले होते. बलाढ्य राष्ट्राची तिजोरीही फुटते. म्हणूनच माहितीच्या रक्षणाचा पहिला उपाय कुलूप हा नसून, नको ती माहिती मुळात गोळाच न करणे हा आहे. प्रत्येक प्रश्नापुढे ‘हे कशाला हवे?’ असे लिहून उत्तर मागणाऱ्या पद्धतीचे खरे मोल येथे आहे.

आता आपल्या घरी वळू. गोमंतकीयांना या विषयाचे मर्म इतरांहून लवकर कळावे, असे आम्हांस वाटते. सालाझारच्या राजवटीत येथे छापली जाणारी ओळ न् ओळ सेन्सॉरच्या नजरेखालून जात असे. वर्तमानपत्रेच काय, लग्नाच्या निमंत्रणपत्रिकासुद्धा त्याच्याकडून संमत करून घ्याव्या लागत, ही हकिकत येथील घराघरांतून आजही सांगितली जाते. ज्याच्या घरी मंगलकार्य त्याने सरकारची परवानगी घ्यावयाची! १८ जून १९४६ रोजी डॉक्टर राममनोहर लोहियांनी मडगावला जो आवाज उठविला, तो सभा व भाषण यांच्या प्राथमिक स्वातंत्र्यासाठी होता. तोंड उघडण्यापूर्वी सरकारला विचारावे लागू नये, यासाठी होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज आमदानी संपली. त्या दिवसापासून परवानगीची दिशा उलटी व्हावयास हवी होती. परकीय सत्तेत प्रजेने सरकारला विचारावयाचे. स्वराज्यात सरकारने प्रजेला विचारावयाचे. मुलांच्या माहितीपुरते पाहिले, तर ही दिशा अद्याप पुरती उलटलेली नाही.

विद्यार्थ्यांविषयीची माहिती आज किती मोठ्या प्रमाणावर गोळा होते, याची कल्पना दोन-तीन उदाहरणांवरून यावी. शाळांची राष्ट्रीय माहिती जमविणाऱ्या ‘यूडायस प्लस’ या व्यवस्थेत पूर्वी शाळेचे एकूण आकडे भरले जात; २०२२-२३ पासून एकेका विद्यार्थ्याची वेगळी नोंद होऊ लागली. त्यापाठोपाठ ‘अपार’ नावाची बारा आकडी विद्यार्थी ओळख आली; ती ऐच्छिक असून पालकांच्या संमतीनेच द्यावयाची, असे शासन सांगते. स्पर्धा आणि उपक्रमांची व्याप्तीही थक्क करणारी आहे. सैनिकांच्या शौर्यकथांवर आधारित ‘वीरगाथा’ हा उपक्रम २०२१ पासून चालू आहे. त्याच्या चौथ्या पर्वात १ कोटी ७६ लाख विद्यार्थ्यांनी भाग घेतला. २०२५ च्या ‘परीक्षा पे चर्चा’ कार्यक्रमासाठी ३ कोटी ५३ लाख नोंदी झाल्या आणि तो गिनीजचा विक्रम ठरला. या उपक्रमांच्या हेतूंविषयी आमची तक्रार नाही. मुलांनी शौर्यकथा वाचाव्यात, परीक्षेची धास्ती सोडावी, हे कोणाला नको आहे? परंतु नोंदणी हाच जेथे विक्रमाचा विषय होतो, तेथे प्रत्येक नोंदीत काय विचारले, ते का विचारले आणि त्या माहितीचे पुढे काय होते, हे पाहणाराही कोणी असला पाहिजे.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. २०१८ च्या सप्टेंबरमध्ये आधारविषयक निकालात त्याच न्यायालयाने शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येणार नाही, असे बजावले. २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्यात अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले आहे. म्हणजे अमेरिकेतील तेरा वर्षांच्या मर्यादेहून आपली मर्यादा अधिक उदार आहे. मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळण्याजोगी संमती हवी; मुलांचा माग काढणे, त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवणे, त्यांना हेरून जाहिराती दाखविणे यांस मनाई आहे; संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीत वा कोंकणीत, मागण्याची सोय आहे. मुलांविषयीची बंधने मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधनांसाठी त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

एवढे सगळे असताना आमचे समाधान का होत नाही? कारण या कायद्याने सगळा भार संमतीच्या खांबावर टाकला आहे, आणि शाळेच्या अंगणात तो खांब फार डळमळीत आहे. बँकेच्या वा दुकानाच्या दारी नागरिक ‘नाही’ म्हणू शकतो. तो दुसऱ्या दुकानात जाईल. परंतु ज्या बाईंच्या हाती आपल्या मुलीचे वर्ष आहे, त्यांनी कागद पुढे केल्यावर कोणती आई सही नाकारील? आपले मूल एकटे पडेल, शिक्षक नाराज होतील, पुढल्या वेळी नाटकात घेणार नाहीत, ही भीती बोलून दाखविली जात नाही, पण ती असते. पेडण्याच्या वा काणकोणच्या एखाद्या वाड्यावरील पालक तर शाळेतून आलेला कागद म्हणजे सहीसाठीच आला, असे धरून चालतो. अशा संमतीला कायदा ‘मुक्त’ म्हणो; व्यवहारात ती आज्ञापालनाच्या जातीची आहे.

संमती मागणे आणि मान्यता घेणे यांतील भेद म्हणूनच नीट लक्षात घ्यावयास हवा. संमतीच्या पद्धतीत शहाणपणाचा भार पालकावर पडतो. फॉर्म वाचायचा त्याने, धोका ओळखायचा त्याने, नकाराचे धैर्य दाखवायचे त्यानेच. आगाऊ मान्यतेच्या पद्धतीत तो भार सरकारवर येतो. हा प्रश्न का विचारतो, याचे उत्तर पहिला कागद छापण्यापूर्वी सरकारने द्यावयाचे. आवश्यक तेवढीच माहिती संमतीने घ्यावी, असे आपला कायदाही म्हणतो. परंतु काय आवश्यक आणि काय अनावश्यक, हे आधी ठरविणारा कोणी त्यात नाही. माहिती गेल्यावर तक्रार, तक्रारीनंतर चौकशी, चौकशीनंतर दंड, आणि दंडाची रक्कम भारताच्या संचित निधीत! ज्या मुलाचे नाव, चेहरा आणि पत्ता चव्हाट्यावर आला, त्याच्या पदरी काय? शिवाय सवलती, लाभ, दाखले देण्यासाठी संमतीवाचूनही माहिती वापरण्याची मुभा शासनाने स्वतःकडे राखून ठेवली आहे. स्पर्धेचे पारितोषिक हाही एक लाभच, असा युक्तिवाद उद्या कोणी केला तर नवल वाटू नये.

व्हिडिओच्या बाबतीत तर ही सावधगिरी दुणावली पाहिजे. निबंधात मुलाचे अक्षर असते. चित्रफितीत त्याचा चेहरा, आवाज, चालण्याची लकब, मागे दिसणारे घर आणि अंगावरील गणवेषाने कळणारी शाळा, असे सगळेच असते. वर्तमानपत्रातील छायाचित्र दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते. आंतरजालावर चढलेले चित्र रद्दीत जात नाही. आता तर एखाद्याचा चेहरा व आवाज उचलून त्याच्या तोंडी भलतेच शब्द घालणारी यंत्रे कोणाच्याही हाती आली आहेत. चोडणच्या खाजनावर किंवा आपल्या घरच्या माटोळीवर एखाद्या मुलीने सुंदर चित्रफीत काढली, तर ती जगाने पाहावी असे आम्हांसही वाटते. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव ज्या भूमीत भरतो, तेथील मुलांनी कॅमेरा हाती घ्यावा यात आनंदच आहे. परंतु त्या मुलीची कला पाहण्यासाठी तिचा जन्मदिनांक, तिच्या आईचा फोन क्रमांक आणि तिच्या जातीचा रकाना लागत नाही.

गोमंतकाने या बाबतीत पुढाकार घ्यावा, अशी आमची सूचना आहे, आणि ती हवेतली नाही. माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राने २००५ साली केला. आपल्या राज्याने तो १९९७ सालीच केला होता. मुलांच्या हक्कांसाठी स्वतंत्र कायदा करून त्यांच्यासाठी वेगळे न्यायालय स्थापन करण्याची दूरदृष्टी याच राज्याने २००३ मध्ये दाखविली. फोटो धुऊन देणाऱ्यांना मुलांची अश्लील चित्रे आढळली, तर त्यांनी पोलिसांना कळविलेच पाहिजे, असे बंधन त्या कायद्यात आहे. मुलाच्या प्रतिमेचे रक्षण हे शासनाचे काम आहे, हे ज्या राज्याने फिल्मच्या जमान्यात ओळखले, त्याला मोबाईलच्या जमान्यात ते नव्याने शिकवावे लागू नये.

करावयाचे ते फार अवघड नाही. विद्यार्थ्यांची माहिती मागणारा कोणताही फॉर्म, मग तो सरकारी खात्याचा असो की सरकारच्या शिफारशीने येणाऱ्या एखाद्या संस्थेचा, शाळेत पोहोचण्यापूर्वी शिक्षण खात्याने निदान पंधरा दिवस जाहीर करावा. प्रत्येक प्रश्नापुढे त्याचे कारण लिहावे. शिक्षक, पालक-शिक्षक संघ व मुलांच्या प्रश्नांचे जाणकार यांच्या एका लहान समितीने तो तपासावा. मंजूर फॉर्मला क्रमांक व अंतिम तारीख द्यावी, आणि ज्यावर क्रमांक नाही तो फॉर्म भरून घेण्यास शाळा बांधील नाही, असे खात्यानेच परिपत्रक काढून सांगावे. स्पर्धेच्या पहिल्या फेरीत मुलाचे नाव न घेता शाळेचा संकेतांक व इयत्ता पुरेशी मानावी. पूर्ण माहिती विजेत्यांपुरतीच, निकालानंतर घ्यावी. भाग घेण्याची संमती वेगळी व चित्रफीत प्रसिद्ध करण्याची संमती वेगळी असावी, आणि ती पालकाला समजेल अशा भाषेत असावी. मुलालाही विचारावे, चेहरा त्याचा आहे. आणि उरलेली माहिती कोणत्या दिवशी नष्ट करणार, ती तारीख फॉर्मवरच छापावी.

यामुळे कामे रेंगाळतील, असा आक्षेप अधिकारी घेतील. तो अगदीच निराधार नाही. अमेरिकेचा अनुभव आम्ही वर सांगितलाच आहे. म्हणून आम्ही नव्वद दिवस न म्हणता पंधरा म्हणतो, आणि वारंवार होणाऱ्या स्पर्धांसाठी एकच ठरावीक फॉर्म एकदा मंजूर करून ठेवावा असे सुचवितो. उलट यात शिक्षकांचा वेळ वाचेल. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज इतर अशैक्षणिक कामांना शिक्षकांस जुंपण्यास मनाई केली आहे. तरीही आपले शिक्षक फळ्यापुढे कमी आणि तक्त्यापुढे अधिक उभे राहतात, हे उघड गुपित आहे. प्रत्येक फॉर्मपायी शिक्षकांचे किती तास खर्च होणार, हे आधी लिहून द्यावे लागले, तर निम्मे फॉर्म जन्मापूर्वीच निकालात निघतील, असा आमचा कयास आहे.

शेवटी प्रश्न एका स्पर्धेचा नाही. शाळेत मूल जे पुस्तकातून शिकते, त्याहून अधिक ते मोठ्यांच्या वागण्यातून शिकते. सरकारने मागितले की द्यायचे, कारण विचारायचे नाही, हा धडा त्याने दहाव्या वर्षी गिरविला, तर अठराव्या वर्षी मतपेटीपुढे उभे राहिल्यावर ते स्वतंत्र नागरिकासारखे वागेल, अशी अपेक्षा कशी करावी? याउलट, आपले नाव विचारण्यापूर्वी सरकारने कारण सांगितले, परवानगी घेतली आणि काम झाल्यावर माहिती नष्ट केली, हे ज्या मुलाने पाहिले, त्याला नागरिकशास्त्राचा वेगळा तास लागणार नाही. येत्या शैक्षणिक वर्षाची परिपत्रके निघण्यापूर्वी शिक्षण खात्याने या दिशेने पहिले पाऊल टाकावे. तोवर पालकांनी एवढे तरी करावे, की शाळेतून कागद आला तर सही करण्यापूर्वी विचारावे: ही माहिती कशासाठी? हा प्रश्न विचारण्याला परवानगी लागत नाही. ती गोमंतकाने १९६१ सालीच मिळविली आहे.